मागील भागावरून पुढे चालू

‘क्रमशः’ हा शब्द अवघ्या तीन अक्षरांचा आहे. पण वाचकाच्या आणि प्रेक्षकाच्या जिवाला त्याने जेवढी हुरहूर लावली आहे, तेवढी भल्याभल्या लांबलचक शब्दांनीही लावली नसेल. कथा ऐन रंगात आलेली असते, नायिकेच्या हाती पत्र पडलेले असते, दारावर थाप वाजलेली असते, आणि नेमक्या त्या क्षणी हा शब्द वाटेत आडवा येऊन उभा राहतो. आज एवढेच, उरलेले पुढल्या खेपेस! या शब्दाच्या पोटी एक करार दडलेला आहे. सांगणारा म्हणतो, ‘मी पुन्हा येईन’. ऐकणारा म्हणतो, ‘मीही येईन’. परंतु विद्यार्थिमित्रहो, ऐकणाऱ्याला येता आले नाही तर? घरी पाहुणे आले, परीक्षा जवळ आली, अंगात ताप भरला, मृगाच्या पहिल्या सरीबरोबर वीज गेली आणि मधला एक भाग हुकला तर?

प्रस्तुत लेखात आम्हांला याच साध्या दिसणाऱ्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. दूरचित्रवाणीवर क्रमशः चालणाऱ्या नाट्यमालिकांचे हुकलेले भाग माणसाने आजवर कसकसे भरून काढले, त्या रीती कशा बदलत गेल्या, आणि त्या बदलांत आपल्या पदरी काय पडले व हातचे काय सुटले, हे पाहू. विषय करमणुकीचा आहे म्हणून त्याला हलका लेखण्याचे कारण नाही. मागे राहिलेल्याने पुढे गेलेल्यांना कसे गाठावे हा प्रश्न जसा मालिकेचा आहे, तसाच तो वर्गाचाही आहे.

हप्त्याहप्त्याने कथा सांगण्याची चाल दूरचित्रवाणीने पाडलेली नाही. चातुर्मासात देवळांतून पुराण सांगण्याची प्रथा आपल्याकडे फार जुनी. पुराणिक पोथी सोडतो तो लगेच पान उलटीत नाही. काल कथा कोठवर आली होती ते तो प्रथम सांगतो, आणि मगच पुढे सरकतो. काल जो आला नाही, तो त्यामुळे आज सभेत उपरा ठरत नाही. ज्ञानेश्वरीचेच उदाहरण घ्या. शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्ये सिद्ध झालेल्या या ग्रंथाच्या दहाव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानेश्वर महाराज मागील नऊ अध्यायांत काय काय सांगून झाले याचा क्रमाने आढावा घेतात आणि मग विभूतियोगाकडे वळतात. मालिकेच्या प्रारंभी आज जे ‘मागील भागात आपण पाहिले’ म्हणून दाखवितात, त्याचे मूळ असे आपल्या घरातच आहे.

पुढे छापखाना आला आणि कादंबऱ्या नियतकालिकांतून खंडशः येऊ लागल्या. इंग्लंडात चार्ल्स डिकन्सची ‘पिकविक पेपर्स’ ही कादंबरी १८३६-३७ मध्ये मासिक हप्त्यांनी निघाली. आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी त्यातून क्रमशः वाचकांच्या हाती दिली. एक अंक हुकला तर वाचकाला चुटपूट लागे, हे खरे. पण छापील हप्ता नाहीसा होत नाही. तो शेजाऱ्याच्या माळ्यावर असतो, वाचनालयाच्या कपाटात असतो, निदान वाण्याच्या पुडीत तरी असतो. शोधणाऱ्याला तो आज ना उद्या सापडतो.

दूरचित्रवाणीचे तसे नव्हते. तिचा हप्ता हवेतून येई आणि हवेतच विरून जाई. ठरलेल्या वेळी जो यंत्रासमोर बसला त्याचा तो भाग. जो बसला नाही त्याला तो कायमचा मुकला. कागदावरील कथेला जी सवलत होती, ती या नव्या कथेला नव्हती. म्हणून हुकलेल्या भागाचा प्रश्न खऱ्या अर्थाने बिकट झाला तो येथे.

तो प्रश्न प्रक्षेपण करणाऱ्या संस्थांनाही लवकरच जाणवला. ब्रिटनच्या बी.बी.सी. या संस्थेने ‘डॉक्टर हू’ ही अद्‌भुतरम्य मालिका सुरू केली, तो दिवस होता २३ नोव्हेंबर १९६३. आदल्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली होती. लोकांचे चित्त ठिकाणावर नव्हते, आणि काही भागांत वीजही गेली होती. कथेचा पायाच ज्यात घातलेला, तो पहिला भाग अनेकांच्या नजरेतून सुटला. तेव्हा पुढल्या शनिवारी, ३० नोव्हेंबरला, दुसरा भाग दाखविण्यापूर्वी पहिला भाग पुन्हा दाखविण्यात आला. सांगणाराच दोन पावले मागे आला आणि त्याने मागे राहिलेल्यांना बरोबर घेतले. पुराणिकाने जे मुखाने केले, तेच या संस्थेने यंत्राने केले, असे म्हणावयास हरकत नाही.

दुसरे उदाहरण याहून मोठे आहे. गाल्सवर्दी यांच्या कादंबऱ्यांवर आधारलेली ‘द फोरसाइट सागा’ ही २६ भागांची मालिका १९६७ साली बी.बी.सी.च्या दुसऱ्या वाहिनीवर आली. ती वाहिनी तेव्हा नवी होती. ती पाहावयास नव्या धर्तीचा संच लागे, आणि असा संच थोड्याच घरी होता. ज्यांच्याकडे तो नव्हता, त्यांचा एक भाग नव्हे, सबंध मालिकाच हुकली. पुढल्याच वर्षी, १९६८ मध्ये, ती पहिल्या वाहिनीवर रविवारी संध्याकाळी पुन्हा दाखविली गेली आणि मग देशच्या देश तिच्यासमोर बसला. काही ठिकाणी चर्चमधील सायंप्रार्थनेची वेळदेखील बदलावी लागली. भाग हुकण्याचे कारण दर वेळी आळस किंवा विसर हेच नसते. कित्येकदा ते साधनांचे दारिद्र्य असते, ही गोष्ट या उदाहरणावरून ध्यानी धरण्याजोगी आहे.

आता आपल्या देशाकडे वळू. दिल्लीत दूरचित्रवाणीचा प्रायोगिक आरंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी झाला. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. आणि १९८२ मध्ये रंगीत चित्रे व देशभर एकाच वेळी दिसणारा राष्ट्रीय कार्यक्रम आला. ७ जुलै १९८४ पासून ‘हम लोग’ ही मनोहर श्याम जोशी यांनी लिहिलेली मालिका सुरू झाली. प्रत्येक भागाच्या शेवटी ज्येष्ठ नट अशोककुमार प्रेक्षकांसमोर येत, घडलेल्या प्रसंगावर दोन शब्द बोलत आणि पुढे काय होणार याची उत्सुकता लावून निरोप घेत. २५ जानेवारी १९८७ रोजी रामानंद सागर यांचे ‘रामायण’ सुरू झाले, आणि २ ऑक्टोबर १९८८ रोजी बी. आर. चोप्रा यांचे ‘महाभारत’. या दुसऱ्या मालिकेत साक्षात ‘समय’ हाच निवेदक योजिला होता. त्याला आवाज होता हरीश भिमाणी यांचा. चेहरा मात्र नव्हता. मागचे सांगून पुढचे सूचित करणारा हा निवेदक म्हणजे देवळातल्या पुराणिकाचाच नवा अवतार होय.

आमची पिढी तेव्हा जन्मलेली नव्हती, अथवा पाळण्यात होती. परंतु त्या रविवार सकाळींच्या हकिकती वडीलधाऱ्यांच्या तोंडून आम्ही इतक्या वेळा ऐकल्या आहेत की, त्या आमच्याच वाटू लागल्या आहेत. वाड्यावरच्या एखाद्याच घरी संच असे. ओसरी भरून जाई, दारात चपलांचा ढीग पडे. आणि ज्याला त्या सकाळी मळ्यात जावे लागले, तान्हे मूल सोडून निघता आले नाही, किंवा बाजारची बस धरावी लागली, त्याने काय करावे? त्याच्यापुढे एकच मार्ग होता: ज्याने पाहिले त्याला विचारणे. आमच्या घराची बोली कोंकणी. मालिका हिंदीत, आणि घरातील जुन्या माणसांना हिंदी उमगत नसे. त्यामुळे ज्यांचा भाग हुकला त्यांनाच नव्हे, तर ज्यांनी तो डोळ्यांनी पाहिला त्यांनाही तो पुन्हा कानांनी ऐकावा लागे. दुपारी भात वाढता वाढता प्रश्न येई, ‘फुडें कितें जालें?’ आणि शाळेत जाणारे एखादे पोर हिंदीतली कथा कोंकणीत उलगडून सांगू लागे. त्या पोराला कोणी अनुवादक म्हटले नाही. पण काम तेच होते.

या सांगण्यात एक विशेष आहे. तो आम्हांला फार मोलाचा वाटतो, म्हणून त्यावर थोडे थांबू. मालिकेच्या आरंभी जो सारांश दाखवितात, तो तयार करणाऱ्याला पुढे काय घडणार हे ठाऊक असते. आज पत्राचा प्रसंग यावयाचा असेल, तर तो मागील भागातून पत्राचेच दृश्य वेचून काढतो, बाकीचे गाळतो. त्याची निवड सोपी असते, कारण उत्तर त्याच्या हाती असते. शेजारणीला भाग सांगणाऱ्या मुलाला मात्र पुढचे काहीच ठाऊक नसते. कोणते बोलणे पुढे उपयोगी पडेल, कोणती वस्तू पुन्हा दिसेल, कोणाचा एक कटाक्ष पुढे महत्त्वाचा ठरेल, हे त्याला आपल्या बुद्धीने ताडावे लागते. म्हणून पहिला सारांश हा माहितीचा असतो, तर दुसरा पारखीचा. आणि एकाच भागाचे दोन सांगणारे भेटले की गंमत अशी की, मुलगा बाण मोजून सांगतो आणि आजी डोळ्यांतले पाणी सांगते. दोघेही खरेच बोलत असतात. ऐकणाऱ्याने दोन्ही ऐकावे आणि मधला प्रसंग आपल्या मनाशी उभा करावा.

पुढे हे सांगण्याचे काम यंत्राने आपल्याकडे घेतले. १९७५ साली जपानच्या सोनी कंपनीने ‘बीटामॅक्स’ आणि १९७६ साली जेव्हीसी कंपनीने ‘व्हीएचएस’ ही घरगुती ध्वनिचित्रमुद्रणाची यंत्रे बाजारात आणली. कार्यक्रम चालू असताना तो फितीवर उतरवावा आणि सवडीने पाहावा, अशी ही योजना. अमेरिकेतील चित्रपट कंपन्यांना ती रुचली नाही. त्यांनी सोनीवर दावा लावला; तो तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १७ जानेवारी १९८४ रोजी न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मताधिक्याने निर्णय दिला की, घरच्या घरी नंतर पाहण्यासाठी कार्यक्रम मुद्रित करणे हा कायद्याचा भंग नव्हे. पाहण्याची वेळ ठरविण्याची सत्ता त्या दिवशी प्रक्षेपकाच्या हातून काही अंशी प्रेक्षकाच्या हाती आली, असे म्हणता येईल. एका मताने का होईना, पण आली.

आमच्या लहानपणी मराठीत खाजगी वाहिन्यांचे युग सुरू झाले. १९९९ साली आलेल्या ‘अल्फा मराठी’ वाहिनीवरील ‘आभाळमाया’ घराघरांत पोहोचली. ‘ई टीव्ही मराठी’वरील ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका तर २००१ पासून २०१३ पर्यंत चालली आणि तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. दररोज येणाऱ्या कथेचा प्रत्येक भाग पाहील असा प्रेक्षक कोठून आणावा? वाहिन्यांनी रात्रीचा भाग दुसऱ्या दिवशी पुन्हा दाखविण्याची सोय केली; आणि लेखकांनी एक वेगळीच युक्ती योजिली. घरात एखादी घटना घडली की, ती प्रथम सासूला कळते, मग सासू ती नणंदेला सांगते, नणंद फोनवरून मावशीला सांगते, आणि या साऱ्यांत दोन-तीन दिवस जातात. मालिका रटाळ झाली, अशी तक्रार आपण करतो. ती खोटी नाही. पण हे पाल्हाळ पुष्कळदा काल न आलेल्या प्रेक्षकासाठी घातलेले असते. नियमित येणाऱ्याच्या सहनशीलतेतून गैरहजर राहिलेल्याची सोय केलेली असते!

यानंतरचा बदल तुमच्या परिचयाचा आहे. बी.बी.सी.ने २००७ सालच्या डिसेंबरात ‘आयप्लेयर’ ही सेवा सर्वांसाठी खुली केली. हुकलेला कार्यक्रम सात दिवसांच्या आत इंटरनेटवरून केव्हाही पाहावा, अशी तिची आरंभीची योजना होती. १ फेब्रुवारी २०१३ रोजी ‘नेटफ्लिक्स’ने ‘हाउस ऑफ कार्ड्‌स’ या मालिकेचे पहिले तेराही भाग एकाच दिवशी प्रेक्षकांपुढे ठेवले. ‘क्रमशः’ हा शब्दच जणू पुसला गेला. आता कोणताही भाग हुकत नाही, कारण कोणत्याही भागाला वेळ उरलेली नाही. आणि तरीही २०२० साली साथीच्या काळात, २८ मार्चपासून, दूरदर्शनने जुने ‘रामायण’ आणि ‘महाभारत’ पुन्हा सुरू केले, तेव्हा हाती मोबाइल असलेली कुटुंबेही ठरल्या वेळी एकत्र येऊन बसली. ज्यांच्या वडीलधाऱ्यांनी तेहतीस वर्षांपूर्वी काही भाग हुकविले असतील, त्यांनी ते या वेळी नातवंडांसह पाहिले असतील. एकत्र वाट पाहण्यातही काही सुख आहे, हे त्यातून दिसून आले.

मग आता हुकलेल्या भागाची चिंता मिटली काय? मिटली, असे वाटते. पण यंत्रावर सर्वस्वी विसंबण्यापूर्वी एक हकिकत ऐका. ज्या ‘डॉक्टर हू’ मालिकेचा उल्लेख वर आला, तिच्या आरंभीच्या काळातील अनेक भागांच्या फिती पुढे पुसून टाकण्यात आल्या. फीत महाग होती, ती पुन्हा वापरता येई, आणि जुना कार्यक्रम कोणी पुन्हा मागेल असे कोणाला वाटले नव्हते. त्यातले ९० हून अधिक भाग दीर्घकाळ चित्ररूपाने कोठेही मिळेनात. सबंध राष्ट्राचाच तो भाग हुकला! परंतु या सर्व भागांचा आवाज मात्र शिल्लक राहिला. तो कोणी राखला? घरी बसलेल्या प्रेक्षकांनी. त्यांपैकी काही तर मुलेच होती. आपल्या आवडीच्या मालिकेचा ध्वनी त्यांनी साध्या यंत्रावर उतरवून ठेवला होता. संस्थेने पुसले ते प्रेक्षकाने जपले. आज त्या ध्वनीच्या आधारे चितारलेली चलच्चित्रे जोडून कित्येक भाग पुन्हा उभे केले गेले आहेत.

इतिहासाच्या अभ्यासकाला यात नवल वाटणार नाही. मेगॅस्थेनिसचा ‘इंडिका’ हा ग्रंथ आज अस्तित्वात नाही. त्यात काय होते ते आपल्याला कळते ते स्ट्रेबो, एरियन इत्यादी नंतरच्या लेखकांनी दिलेल्या उताऱ्यांवरून. चंद्रगुप्त मौर्याच्या काळाचे जे ज्ञान त्यातून आपणांस मिळते, ते एका हुकलेल्या भागाचे, दुसऱ्याने सांगितलेले ज्ञान आहे. म्हणून सांगणाऱ्याची जबाबदारी मोठी. तो काय गाळतो आणि काय राखतो, यावर न पाहिलेल्याचे सारे जग अवलंबून असते.

ही जबाबदारी कशी पेलावी याचा अभ्यास व्हावा म्हणून आम्ही नववीच्या वर्गात एक प्रयोग केला. सभापर्वातील द्यूताचा प्रसंग हा मालिकेचा एक भाग समजा. तुमच्या मित्राचा तो हुकला आहे. दहा ओळींत असा सांगा की, उद्याचा भाग त्याला इतरांबरोबर पाहता यावा, असे सांगितले. एका विद्यार्थ्याने प्रत्येक पण आणि प्रत्येक फासा इतक्या बारकाईने लिहिला की, दहा ओळी संपल्या तरी द्रौपदी सभेत आलीच नाही. दुसऱ्याने एकाच ओळीत काम आटोपले: पांडव जुगारात हरले आणि वनवासाला गेले. वरवर पाहता यात चूक काहीच नाही. पण हा सारांश ऐकून पुढे बसणाऱ्या मित्राला भीम दुःशासनाच्या रक्तासाठी का तहानला आहे, गदायुद्धात दुर्योधनाच्या मांडीवरच घाव का पडतो, यांतले काहीच कळणार नाही. शिवाय त्या एका ओळीत दोन द्यूते एकात एक मिसळून गेली. पहिल्या द्यूतानंतर धृतराष्ट्राने द्रौपदीला वर दिले, तिने पतींची मुक्तता मागून घेतली, तिसरा वर नाकारला, आणि पांडव सन्मानाने परत निघाले होते. बारा वर्षांचा वनवास आणि एक वर्षाचा अज्ञातवास हा पण लागला तो दुसऱ्या वेळी, त्यांना पुन्हा बोलावून आणल्यावर. सुटलेला माणूस पुन्हा त्याच पटावर का बसतो, हा युधिष्ठिराच्या स्वभावाचा सर्वांत अवघड प्रश्न त्या एका ओळीत बुडून गेला.

तिसरी वही एका अबोल मुलीची होती. तिने फासे एका वाक्यात संपविले आणि उरलेल्या ओळी द्रौपदीच्या प्रश्नाला दिल्या: आधी स्वतःलाच हरलेल्या युधिष्ठिराला पत्नी पणाला लावण्याचा अधिकार होता काय? भीष्मांनी सरळ उत्तर दिले नाही. कौरवांपैकी विकर्ण तेवढा तिच्या बाजूने बोलला. आणि प्रश्न तसाच राहिला. त्या मुलीने शेवटी लिहिले होते की, मित्राला एवढे सांगितले तर बाकीचे तो आपोआप ओळखील. आमच्या मते हुकलेला भाग सांगण्याचे मर्म या वाक्यात आले आहे.

त्या वहीवरून आणि इतर वह्यांतील उणिवांवरून आम्ही वर्गात तीन प्रश्न काढले, ते येथे देतो. पहिला: या भागाच्या आरंभी जी स्थिती होती ती शेवटी कोणासाठी बदलली? दुसरा: कोणाला काय कळले, आणि कोणाला ते अजून कळलेले नाही? तिसरा: कोणता प्रश्न, कोणती शपथ, कोणते वचन उत्तरावाचून लोंबकळत राहिले? यांपैकी दुसरा प्रश्न विद्यार्थी हमखास विसरतात. कर्ण हा कुंतीचा पुत्र आहे, एवढेच सांगून भागत नाही; ते कर्णाला युद्धापूर्वी कळले आहे आणि पांडवांना मात्र युद्ध संपेपर्यंत कळणार नाही, हेही सांगावे लागते. नाट्य घटनेत थोडे आणि या कळण्या-न कळण्यात फार असते. या तिन्हींना एक पथ्य जोडावे: ऐकणारा जेथे स्वतः पाहावयास बसणार आहे, त्याच्या अलीकडे थांबावे. पुढचे फोडून टाकणाऱ्याने दुसऱ्याचे सुख हिरावून घेतलेले असते.

कोणी विचारील की, सर्व भाग मोबाइलवर असताना हा खटाटोप कशाला? थोडे गणित करू. ‘महाभारता’चे ९४ भाग; एकेक भाग सरासरी पाऊण तासाचा धरला, तर सत्तर तासांहून अधिक वेळ होतो. रोज दोन भाग पाहणाऱ्याला ४७ दिवस लागतील. रोज येणाऱ्या मालिकेचे आठवड्याला सहा भाग धरले, तर परीक्षेच्या चार आठवड्यांत २४ भाग साचतात. जाहिराती वगळून एका भागाची २२ मिनिटे धरली, तरी ते जवळजवळ नऊ तास झाले. ते नऊ तास कोठून येतात? झोपेतून येतात, खेळातून येतात, आणि परीक्षेनंतरच्या पहिल्याच आठवड्यात नव्या अभ्यासातून येतात. चांगला सांगणारा भेटला तर त्या चोवीस भागांपैकी वीस भागांचे काम दहा मिनिटांत होते, आणि उरलेले चार भाग कोणते पाहावेत हेही तो सांगतो. कारण काही भाग सांगून कळत नाहीत. ते पाहावेच लागतात. जेथे घटना महत्त्वाची, तेथे सारांश पुरतो. जेथे नटाचा चेहरा, शब्दांचा स्वर किंवा नुसते मौन महत्त्वाचे, तेथे पुरत नाही. सर्व पाहणे म्हणजे भरून काढणे नव्हे. तुटलेला धागा नेमका जेथे तुटला तेथे पुन्हा हाती घेणे, हे भरून काढणे होय.

आणि आता ज्यासाठी एवढे लिहिले, ते सांगून आटोपते घेऊ. आमच्या शाळेतील एक विद्यार्थी पावसाळ्यात डेंग्यूच्या तापाने तीन आठवडे घरी होता. परत आला तेव्हा त्याने पाच विषयांच्या वह्या मागून नेल्या आणि तीन रात्री जागून अक्षरन्‌ अक्षर उतरवून काढले. वही पूर्ण झाली. पण भूमितीच्या तासाला तो गप्पच बसे, कारण सर्व वर्ग ज्या सिद्धान्ताच्या आधारे पुढे गेला होता, तो त्याच्या वहीत होता, डोक्यात नव्हता. पुढे त्याच्या बाकावरील मित्राने चार दिवस मधल्या सुट्टीत त्याला एवढेच सांगितले: आपण कोठे होतो, काय सिद्ध केले, ते कशासाठी लागले, आणि काय राहिले आहे. पाचव्या दिवशी त्या मुलाने हात वर करून प्रश्न विचारला. वर्गात ज्याचा हात वर होतो, तो मागे राहिलेला नसतो.

मालिकेचा हुकलेला भाग आज बोटाच्या एका स्पर्शाने मिळतो. शाळेतून हुकलेला भाग असा मिळत नाही. आजारपणाने, घरच्या कामाने, पैशाच्या अडचणीने तुमच्यापैकी कोणाचे ना कोणाचे काही दिवस दर वर्षी हुकणारच. तेव्हा तो परत येऊन बाकावर बसला की, वही पुढे सरकवून मोकळे होऊ नका. त्याच्याजवळ बसा, आणि मागील भाग नीट सांगा.